काठ दत्तक घेणाऱ्यांचं ऐकायचं कधी?

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, विठ्ठलवाडीला, मुठेच्या काठी विठोबाचं जुनं देऊळ आहे. ज्यांना वारी जमत नाही असे कितीतरी पुणेकर आषाढीला इथंच रांग लावतात. देवळाजवळून वाहणारं पाणी संगमावर मुळेला मिळतं, मुळा-मुठा होऊन भीमेत जातं, उजनी धरणात साठतं आणि तिथून पुढं पंढरपुरात चंद्रभागा म्हणून वारकऱ्यांच्या पायाशी पोचतं. पुण्यानं मुठेत जे सोडलं ते वाटेत इंदापूर-करमाळ्यानं सोसायचं आणि सोलापूरकरांनी गाळून प्यायचं, असा हा व्यवहार वर्षानुवर्षं बिनबोभाट चालू आहे.

याच काठावर ‘जीवितनदी’ या पुण्यातल्या संस्थेची माणसं सुटीच्या सकाळी उतरतात. २०१४ साली सुरू झालेल्या या संस्थेची मुळं प्रकाश गोळे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या इकॉलॉजिकल सोसायटीच्या अभ्यासक्रमात आहेत. तिथं निसर्गाचं शास्त्र शिकलेल्या काही मंडळींनी लांबच्या जंगलाऐवजी आपल्याच गावातली नदी हाती घेतली. त्यांच्या उपक्रमाचं नाव ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’. आसपासच्या रहिवाशांनी आपल्याजवळचा काठाचा एक तुकडा आपला मानायचा आणि वर्षभर त्याच्याकडे लक्ष द्यायचं, एवढीच कल्पना. विठ्ठलवाडीला मुठेच्या काठी आणि औंधला राम-मुळा संगमावर असे तुकडे धरले गेले. शिवाय नदीफेऱ्या, मुठाई महोत्सव, घरातली रसायनं कमी कशी करायची याच्या कार्यशाळा, असा बाकीचा पसारा.

या मंडळींचं कौतुक करायला सगळे तयार असतात. हातमोजे घालून कचरा उचलणाऱ्या नागरिकांचा फोटो वर्तमानपत्राला हवा असतो, नगरसेवकाला हवा असतो, कंपन्यांच्या सीएसआर विभागालाही हवा असतो. पण हीच माणसं कचरा बाजूला ठेवून ‘हे पाणी कुठून येतंय?’ असं विचारू लागली की कौतुकाचा सूर बदलतो. मग ती ‘विकासविरोधी’ होतात, ‘मूठभर पर्यावरणवादी’ होतात. खरी गोम इथं आहे. नदीची वर्षभर निगा राखणारा माणूस कचऱ्यापाशी थांबूच शकत नाही, कारण नदीच त्याला थांबू देत नाही. आणि शहरानं त्याचे हात तेवढे घेतले, डोळे घेतलेच नाहीत.

नदीकाठच्या माणसांचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, पावसाबरोबर सुरू होतं. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही चार धरणं भरत आली की खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सुरू होतो, क्युसेकचे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात आणि भिडे पूल पाण्याखाली गेला की पुणेकरांना पावसाळा रीतसर सुरू झाल्यासारखं वाटतं. लोक पुलांवर उभे राहून पाणी बघतात. या चार धरणांत मिळून साधारण २९ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं नदीच्या वाट्याला येतं ते बहुतेक असं ओसंडून जाणारंच. बाकीचं कालव्यात आणि जलवाहिन्यांत जातं. पाऊस सरला की खडकवासल्याच्या खाली मुठेला स्वतःचं असं पाणी जवळजवळ उरत नाही. शहरातून जे काळपट, संथ काही वाहताना दिसतं ते मुख्यतः शहरानंच वापरून सोडलेलं असतं. उन्हाळ्यात पुलावरून नाक दाबून जाणाऱ्याला हे ठाऊक नसतं असं नाही. तो त्याचा संबंध आपल्या मोरीशी लावत नाही, एवढंच.

पुराचं पाणी ओसरल्यावर काठावर जाऊन पाहावं. झाडांच्या फांद्यांना ठरावीक उंचीवर प्लास्टिकच्या पिशव्या, चिंध्या, दोऱ्या लोंबत असतात. पाणी कुठवर चढलं होतं याची ती सरळ रेघच. ती दर वर्षी बघणाऱ्याला पूररेषा म्हणजे काय ते नकाशाशिवाय कळतं. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा दोन रेषा पाटबंधारे खातं आखून देतं आणि निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असा नियम आहे. कागदावर आहे. प्रत्यक्षात राडारोड्याचे डंपर रात्री येतात, पात्राची कड दरवेळी थोडी आत सरकते, आणि ती सरकल्याचं पहिल्यांदा कळतं ते दर आठवड्याला तिथं जाणाऱ्यालाच.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरलं. बोटीतून माणसं काढावी लागली. धरणातून पाणी सोडताना इशारा वेळेवर मिळाला नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. त्याच दिवशी डेक्कनजवळच्या पुलाच्या वाडीत विजेचा धक्का बसून तीन तरुण गेले. त्याआधी २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यानं वीसहून अधिक जीव घेतले होते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, ती आठवण पुण्यात अजून पिढीजात सांगितली जाते. पण पानशेतला फुटलेलं धरण होतं. अलीकडच्या पुरांना धरण फुटावं लागत नाही. पाण्याची जागा अडवलेली असली की पुरतं.

गणपतीत काठावरची कामं बदलतात. निर्माल्य गोळा करायचं, मूर्ती हौदात नाहीतर घरी बादलीत विसर्जित करायला लोकांना सांगायचं. इथं पुण्यानं थोडी बरी वाट धरली आहे, हे मान्य केलं पाहिजे. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची पद्धत पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं दिली आणि महापालिकेनं ती पावडर वाटलीही. लोकांनी ती नेली. म्हणजे सोय जवळ आणून दिली की पुणेकर ऐकतो, हे एकदा सिद्ध झालं आहे.

मग येतो हिवाळा, आणि काठावरचं खरं काम. पाणी उतरलेलं असतं, चिखल वाळलेला असतो, गवतात पाय टाकता येतो. अशा सकाळी काय हाती लागतं ते एकदा जवळून बघण्यासारखं आहे. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, गुटख्याच्या पुड्या, थर्माकोलची मखरं हे तर असतंच. पण सर्वांत चिवट असते ती साडी. पुरात वाहून आलेली नायलॉनची साडी झाडाच्या उघड्या मुळांत गुंतते, तिच्यावर गाळ बसतो, गाळावर गवत उगवतं. ओढून ती निघत नाही. दोन माणसांनी बसून कोयत्यानं तुकड्यातुकड्यानं कापावी लागते आणि तासाभरानं एक साडी, एक गोधडी आणि अर्धा माणूस चिखलात, एवढीच कमाई होते. दुसरा प्रकार देवांच्या तसबिरींचा. घर बदललं, आजी गेली, देव्हारा नवा केला, की जुने फोटो नदीला. कचऱ्यात टाकायला मन धजत नाही म्हणून चौकटीसकट पात्रात. कार्यकर्त्यांनी मग काच वेगळी करायची, खिळे वेगळे, लाकूड वेगळं, आणि लक्ष्मी-नारायणाच्या चित्राचं काय करायचं यावर थोडी चर्चा. भक्ती आणि अडगळ यांतला फरक नदीवर सोपवायची आपल्याकडे फार जुनी सवय आहे.

याच फेऱ्यांत चेंबर दिसतात. शहराचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या नदीच्या कडेनं, कुठं कुठं चक्क पात्रातूनच टाकलेल्या आहेत. त्यांचे काँक्रीटचे चेंबर काठावर ठरावीक अंतरानं उभे असतात. एखाद्याचं झाकण गेलेलं, एखादा पुरात कललेला, एखादा तुंबून वरून भळाभळा वाहणारा. वाहणाऱ्या चेंबरपासून पाण्यापर्यंत एक करडा ओघळ जातो आणि त्या ओघळात वर्षभर गवताची पात हिरवी राहते. मैलापाणी घरातून निघालं, पालिकेच्या नळात शिरलं, केंद्राच्या दिशेनं चाललं आणि ऐन काठावर येऊन नदीत पडलं! याला कुणाचं अज्ञान जबाबदार नाही. इथं शाळेतल्या मुलांची प्रभातफेरी काढून उपयोग नाही. झाकण, फावडं, पंप आणि एक जबाबदार अभियंता एवढंच लागतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची संख्या ३११ होती. त्यांतले ५५ एकट्या महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. स्नानायोग्य पाण्यात जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे बीओडी, लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नको, हा साधा निकष. पट्टे त्यावरच ठरतात. उद्योगांचा वाटा त्यात आहेच. पण पुण्यासारख्या शहरात मुख्य प्रश्न घरगुती मैल्याचाच आहे.

त्याचं सरकारी उत्तर काय झालं? जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाहाय्यानं पुण्यात ११ नवी शुद्धीकरण केंद्रं बांधायची, दिवसाला ३९.६ कोटी लिटर क्षमतेची, अशा ९९० कोटी रुपयांच्या योजनेला जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. पुढची सहा वर्षं निविदा, जागा, फेरनिविदा यांत गेली. ६ मार्च २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा आकडा १,४७० कोटींच्या वर गेलेला होता. त्याच दिवशी, त्याच नद्यांसाठी, दुसऱ्याही एका प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. तो नदीकाठ सुधारणेचा. एकूण ४४ किलोमीटर काठ, एकंदर खर्च साधारण ४,७०० कोटी. काठावर बांध, चालायला मार्ग, बागा, घाट. आणि लगेच आठवडाभरानं महापालिकेच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि प्रशासकाचं राज्य सुरू झालं. मैलापाणी आणि काठ या दोन्हींवरची सर्वांत मोठी कामं ऐन भरात असताना सभागृहात प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. ते काम मग काठावरच्या माणसांच्या गळ्यात पडलं.

नदीकाठ सुधारणेवरचा आक्षेप थोडक्यात असा: पाणी घाण असताना काठ सजवण्याची घाई कशाला, बांध घालून पात्र आवळलं तर पूर कुठं जाईल, आणि काठावरची जुनी झाडं तोडून नवी लावल्यानं ती भरपाई कशी होते? महापालिकेचं उत्तर असं की पुराची पातळी वाढणार नाही, उलट कमी होईल, आणि झाडं तोडली त्याहून किती तरी जास्त लावू. दोन्ही बाजूंनी अहवाल आहेत, दोन्ही बाजूंनी तज्ज्ञ आहेत, प्रकरणं हरित लवादापर्यंत गेली. २९ एप्रिल २०२३ ला हजारो पुणेकर ‘चलो चिपको’ म्हणत जंगली महाराज रस्त्यावर उतरले, २०२५ च्या सुरुवातीला राम-मुळा संगमावरही तेच झालं. दत्तक घेतलेल्या काठापैकी एक हाच! ज्यांनी तिथं वर्षानुवर्षं गाळ उपसला, झाडं ओळखली, पक्षी मोजले, त्यांना आराखड्याची बातमी मात्र तयार झाल्यावर कळते. शहराचा उफराटा कारभार याहून वेगळ्या शब्दांत सांगता येणार नाही.

काठावरच्या माणसांचंही सगळंच पटतं असं नाही. घरातल्या रसायनांबद्दलचा त्यांचा आग्रह घ्या. साबण, शाम्पू, फरशी पुसायचं द्रव्य यांतलं बरंच काही शुद्धीकरण केंद्रातूनही तसंच पुढं जातं, म्हणून रिठे-शिकेकाईकडे वळा, हे म्हणणं खरं आहे. रिठ्यानं भांडी घासणाऱ्याला निदान आपली मोरी नदीला जोडलेली आहे हे तरी दिवसातून दोनदा आठवतं. पण पुण्यातल्या प्रत्येक घरानं उद्यापासून शिकेकाई वापरली तरी फुटलेल्या चेंबरमधून मैला नदीतच जाणार. व्यक्तिगत सवयींवर फार भर दिला की महापालिकेला आयतीच पळवाट सापडते: ‘नागरिकांनी जागरूक व्हावं’ असा फलक लावला की काम संपलं. दुसरी गोष्ट म्हणजे या चळवळीचा चेहरा बराचसा सोसायट्यांमधला आहे. पुराचं पाणी पहिल्यांदा ज्यांच्या उंबऱ्यात येतं त्या ओढ्याकाठच्या वस्त्यांतली माणसं, काठावर जनावरं पाळणारे, पात्रात मासे धरणारे यांचं नदीबद्दलचं ज्ञान कुठल्याही नदीफेरीतल्या माहितीपेक्षा कमी नाही. त्यांच्याशी जोडून घेतल्याशिवाय ‘आमची नदी’ हा शब्द अपुराच राहणार. संस्थेला हे ठाऊक नसेल असं नाही, पण रविवारच्या सकाळी मोकळं असणं ही सुद्धा एक चैन आहे, हे विसरू नये.

तरीही मुद्दा उरतोच. आठवड्यामागून आठवडे त्याच जागी जाणाऱ्या माणसाकडे जी माहिती साठते ती कुठल्याही सल्लागार कंपनीकडे नसते. कुठला नाला पावसाळा नसतानाही वाहतो, कुठल्या चेंबरचं झाकण तिसऱ्यांदा गेलंय, पहाटे पाण्याला कुठला वास येतो आणि दुपारी कुठला, जलपर्णी कुठल्या वळणावर आधी पसरते, शेकाट्या कधी आले, खंड्या कुठं दिसेनासा झाला. बावधनमध्ये रामनदीजवळ जिवंत झरा आहे, हे शहराच्या पाणी खात्याच्या कागदांतून कुणाला समजलं नाही. त्याच्याबद्दल बोलत राहिले ते तिथले रहिवासी आणि भूजलाचा अभ्यास करणारे लोक. झऱ्याचं पाणी म्हणजे नदीचा उन्हाळ्यातला आधार. त्याच्यावर इमारतीचा पाया पडला की तो आधार गेला, आणि मग उन्हाळ्यात नदीत उरतं ते फक्त आपलं सांडपाणी.

हे इतकं अवघड आहे का? छत्रपती संभाजीनगरमधली खाम नदी बघावी. मलिक अंबरच्या काळापासून पाण्याच्या व्यवस्थेसाठी नावाजलेल्या शहरातली ही नदी अलीकडे निव्वळ गटार झाली होती. २०२१ पासून तिथं महापालिका, छावणी परिषद, एक स्थानिक उद्योगसमूह आणि ‘इकोसत्त्व’ ही संस्था एकत्र बसून काम करू लागली. कचरा नदीत येण्याआधी गल्लीत कसा अडवायचा, यापासून सुरुवात. डब्ल्यूआरआय या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या शहरांसाठीच्या जागतिक पुरस्काराच्या अंतिम यादीत ती मोहीम पोचली. खाम आज आरशासारखी वाहते असं कुणी म्हणणार नाही. पण तिथं घाणीची जागा शोधणारा आणि ती बंद करण्याचा अधिकार असलेला, हे दोघे एका टेबलाशी बसतात. पुण्यात ते अजून एकमेकांविरुद्ध प्रतिज्ञापत्रं दाखल करतात.

राज्य सरकारलाही हे कळत नाही असं म्हणता येत नाही. २०१६ च्या अर्थसंकल्पात ‘नमामि चंद्रभागा’ जाहीर झाली, २ ऑक्टोबर २०२२ ला सेवाग्रामहून ‘चला जाणूया नदीला’ अभियान निघालं. नदीयात्रा झाल्या, घागरीतून पाणी नेलं गेलं, भाषणं झाली. जाणून घेण्याचा कार्यक्रम चांगलाच. पण चंद्रभागा स्वच्छ करायची असेल तर फावडं पंढरपुरात मारून भागत नाही, ते पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या काठावर मारावं लागतं. त्या फावड्याची तरतूद कुठल्याच अभियानात ठळकपणे नव्हती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

करण्यासारख्या गोष्टी अगदी साध्या आहेत, आणि म्हणूनच बहुधा कुणाला त्यांचं भूमिपूजन करावंसं वाटत नाही. नदीला मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पाण्याची दरमहा तपासणी व्हावी आणि आकडा तिथंच फलकावर लिहावा, लोकांना वाचता येईल असा. काठावरच्या प्रत्येक चेंबरला क्रमांक द्यावा; तो वाहतोय अशी तक्रार आली की क्षेत्रीय कार्यालयानं किती तासांत तो बंद केला याची नोंद उघड असावी. नदीच्या अर्थसंकल्पात बांधकाम आणि देखभाल यांचे रकाने वेगळे दाखवावेत, म्हणजे बांध, घाट, दिवे यांना किती मिळतं आणि झाकणांना, पंपांना, माणसांना किती, हे एका नजरेत कळेल. आणि काठ दत्तक घेतलेल्या गटांना नुसतं प्रशस्तिपत्रक न देता आराखड्याच्या पहिल्या बैठकीत खुर्ची द्यावी. त्यांचं सगळं ऐकावंच असं नाही. का ऐकलं नाही ते लिहून द्यावं, म्हणजे झालं.

सुरुवात मुळा-मुठेसारख्या मोठ्या नदीपासून करायचीही गरज नाही. भुकूमच्या बाजूनं येणारी, बावधन-पाषाणमधून वाहत औंध-बाणेरला मुळेला मिळणारी रामनदी जेमतेम वीस किलोमीटरची आहे. तिच्यावर झरे आहेत, पाषाणचा तलाव आहे, काठावर गजबजलेल्या सोसायट्या आणि वस्त्या आहेत, आणि तिला ओळखणारे लोकही आहेत. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिच्यात येणारा एकेक नाला मोजून, त्याचा आकडा लावून, चेंबर दुरुस्त करून दाखवायला महापालिकेला कुठल्याही परदेशी कर्जाची वाट पाहावी लागणार नाही.